माझा रणगाडा आणि त्यावरची धूळ

(रौप्यमहोत्सवी वर्षातील 'सभासदांचे छंद' या मालिकेत क्लब हाऊसमध्ये दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



सचिव साहेबांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. बँकेत अडतीस वर्षं काढल्यामुळे वेळेचं आणि पैशाचं भान मला आहे. पण विषय छंदाचा आहे, आणि छंदी माणसाच्या हातात माईक देणं म्हणजे कोरा चेक देण्यासारखं आहे. तेव्हा घड्याळ त्यांनीच सांभाळावं.

समोर टेबलावर जे ठेवलं आहे ते तुमच्यापैकी बहुतेकांनी पार्किंगमध्ये फिरताना पाहिलं आहे. काहींच्या पायातूनही गेलं आहे, त्याबद्दल आधीच दिलगिरी. हा सेंच्युरियन रणगाडा. ब्रिटिश बनावटीचा, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी तयार झालेला. आपल्या सैन्यानं तो १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत वापरला. हा नमुना सोळास एक या प्रमाणात आहे. म्हणजे खऱ्या रणगाड्यावर सोळा सेंटीमीटर असेल ते इथे एक सेंटीमीटर. लांबी तोफेसकट ६१ सेंटीमीटर, रुंदी २१. रिमोटवर पुढे-मागे जातो, जागच्या जागी वळतो, वरचा भाग फिरतो, तोफ वर-खाली होते. गोळा मात्र उडत नाही. बालगोपाळांचा हा पहिला प्रश्न असतो, म्हणून आधीच सांगून टाकलं.

आता मोठ्यांचा पहिला प्रश्न. 'काका, या वयात हे काय?' आमच्या सौ. तो प्रश्न चार वर्षं विचारताहेत. त्याचं उत्तर द्यायला थोडं मागे जावं लागेल.

माझा जन्म १९५० सालचा, पुण्यातला. कॉलेजात एन.सी.सी. केली, आणि त्या वयातल्या पुष्कळ मुलांसारखं मलाही सैन्यात जायचं होतं. अर्ज केला, पण डोळ्यांच्या तपासणीत अडलो. चष्म्याचा नंबर तेव्हाच मोठा होता. बी.कॉम. झालो होतो, बँकेच्या परीक्षा देत होतो. १९७१ च्या डिसेंबरात आम्ही वाड्यातल्या खिडक्यांना काळे कागद चिकटवून रेडिओपाशी बसायचो. सोळा डिसेंबरला ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या. त्या रात्री आमच्या वाड्यात पेढे वाटले गेले. मीही खाल्ले.

त्याच दिवशी सकाळी, पश्चिम सीमेवर शकरगडच्या भागात, बसंतर नदीपलीकडे जरपाल गावाजवळ सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आपल्या सेंच्युरियन रणगाड्यात मारले गेले. रेजिमेंट १७ पूना हॉर्स. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं, हे आपणा सगळ्यांना माहीत आहे. मला जे बऱ्याच उशिरा कळलं ते असं, की त्यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० चा, आणि तोही पुण्यातला. त्याच गावात, त्याच वर्षी. ते एकवीस वर्षांचे होते, मीही एकवीस वर्षांचा होतो. पुढच्या वर्षी मी बँकेत लागलो.

यात तुलना नाही. तुलना करायला मी कोण? पण आकडा एकदा डोक्यात बसला की निघत नाही, हा बँकेतला जुना रोग आहे. २०२१ मध्ये त्या युद्धाला पन्नास वर्षं झाली. लॉकडाऊनमुळे घरातच होतो. तेव्हा ठरवलं की तो रणगाडा आपल्या हातानं करून बघायचा. आतून-बाहेरून कसा असतो ते समजून घ्यायचं.

थोडं पूना हॉर्सबद्दल. नाव 'पूना' कसं? १८१७ मध्ये दुसऱ्या बाजीरावाशी इंग्रजांनी जो तह केला, त्यातून पेशव्यांच्या खर्चानं इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली घोडदळ उभं राहिलं. या रेजिमेंटचं एक मूळ तिथलं. घोडे गेले, रणगाडे आले, नाव राहिलं. याच रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर. १९६५ मध्ये फिल्लोरा आणि चविंडाच्या लढायांत सेंच्युरियन घेऊन लढले आणि १६ सप्टेंबरला कामी आले. त्यांनाही मरणोत्तर परमवीर चक्र. त्यांचं शालेय शिक्षण आपल्या पुण्यात, सरदार दस्तूर शाळेत झालं. आणि एन.डी.ए.चा दीक्षान्त संचलन सोहळा जिथे होतो त्या मैदानाला खेत्रपालांचं नाव आहे. आपण खडकवासल्याला कणसं खायला जातो, तिथून ते किती लांब?

असो. आता कामाला लागू.

आधी मापं. त्यासाठी नगरला, म्हणजे आता अहिल्यानगरला, जो कॅव्हलरी टँक म्युझियम आहे तिथे तीन वेळा गेलो. हे म्युझियम १९९४ पासून आहे, पुण्याहून साधारण १२० किलोमीटर. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी सोसायटीची सहल काढून जरूर पाहावं. सेंच्युरियन आहे, आपला आवडीचा विजयंता आहे, युद्धात पकडलेले पॅटन आहेत. मी वही, टेप आणि नातीचा मोबाईल घेऊन गेलो. पहारेकऱ्यानं आधी संशयानं पाहिलं. मग म्हातारा बघून पाणी दिलं.

खालचं धड सहा मिलिमीटरच्या प्लायचं केलं. वरचे पत्रे सनबोर्डचे. वरचा फिरणारा भाग, त्याला टरेट म्हणतात, तो सनबोर्डच्या सांगाड्यावर एमसीलचे थर देऊन पॉलिश पेपरनं घासून गोल केला. खरा टरेट ओतीव पोलादाचा असतो, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो, जरा खरबरीत असतो. माझ्या हातून गुळगुळीत झालाच नाही, ते पथ्यावर पडलं. तोफेची नळी आपल्या सी विंगच्या गच्चीवरून आली. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करताना दूरदर्शनच्या जुन्या अँटेना भंगारात निघाल्या, त्यातली एक ॲल्युमिनियमची नळी मी सचिवांच्या परवानगीनं घेतली. नोंद आहे त्यांच्याकडे. बाजूचे पत्रे आमच्या घरच्या तेलाच्या डब्याचे. बाकी नटबोल्ट बोहरी आळीतून, मोटारी आणि वायरी तपकीर गल्लीतून, आणि काही वस्तू जुन्या बाजारातून, ज्या कशाच्या होत्या हे विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

चाकं आणि साखळीपट्टे मात्र हातानं होईनात. पट्ट्याचा एकेक दुवा नऊ मिलिमीटरपेक्षा लहान, आणि एका बाजूला शंभराहून जास्त दुवे. एफ विंगमधला आपला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी धावून आला. त्यानं संगणकावर आकृती काढून थ्री-डी प्रिंटरवर सगळे दुवे छापून दिले. प्रत्येकाच्या भोकातून पोलादी तार ओवायची. दोन महिने रोज संध्याकाळी सौ. मोगऱ्याचे गजरे करायच्या आणि मी शेजारी बसून रणगाड्याचे.

ते पट्टे घेऊन मी मे महिन्यात गाडीतून नातेवाइकांना दाखवायला निघालो. वाटेत लग्नाचं जेवण होतं. गाडी दोन तास उन्हात उभी. परत येऊन बघतो तर पट्टे पापडासारखे वाकडे. ते प्लास्टिक साधारण साठ अंशांना मऊ पडतं, आणि उन्हातल्या बंद गाडीत काचेजवळ तेवढी उष्णता सहज होते. जुळवणी तर आम्ही रात्री पंख्याखाली बसून केली होती. मग जरा चिवट, जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकमध्ये सगळे दुवे पुन्हा छापले. पुन्हा दोन महिने. पुन्हा मोगरा.

मोटारींचा हिशोब सांगतो, कारण तिथे माझं जुनं डोकं उपयोगी पडलं. खरा सेंच्युरियन सुमारे ५१ टनांचा. त्याला रोल्स-रॉइसचं मेटिऑर इंजिन, म्हणजे विमानाच्या मर्लिन इंजिनाचाच भाऊ. तरी रस्त्यावर वेग ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास. त्याला सोळानं भागलं की सेकंदाला साधारण ५९ सेंटीमीटर येतात. माझ्या दात्यांच्या चाकाचा घेर साडेबारा सेंटीमीटर. म्हणजे चाक सेकंदाला पावणेपाच वेळा, मिनिटाला सुमारे २८० वेळा फिरायला हवं. बाजारात ३०० फेऱ्यांची गिअरवाली मोटार तयार मिळते. अशा दोन घेतल्या, एका पट्ट्याला एक. बाजारातली बरीचशी खेळणी उंदरासारखी पळतात, ती यामुळेच खोटी वाटतात. रणगाडा जड दिसायचा असेल तर त्याला हळू चालवावं लागतं.

वजनाचंही गणित आहे. लांबी सोळापट कमी झाली तर वजन सोळापट कमी होत नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही कमी होतात, म्हणजे सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा, ४०९६ पट. ५१ टनांचे होतात साडेबारा किलो. माझा भरला साडेचार. शिशाचे तुकडे टाकून वाढवता आलं असतं, पण साडेबारा किलो उचलायचे कोणी? माझ्या मणक्यानं ठराव फेटाळला.

पहिली चाचणी आपल्या पार्किंगमध्ये, पेव्हर ब्लॉकवर. दहा फूट गेला आणि डावा पट्टा उतरला. पुन्हा चढवला, वळवला, उजवा उतरला. मी चाकं थेट धडाला ठोकली होती, त्यामुळे एका ब्लॉकची कड आली की सगळा रणगाडा उचलला जायचा आणि पट्टा सैल पडायचा. खऱ्या सेंच्युरियनला प्रत्येक बाजूला सहा चाकं असतात. ती दोन-दोनच्या जोड्यांत, मध्ये स्प्रिंग घालून बसवलेली असतात. एक चाक खड्ड्यात गेलं तरी जोडीदार भार घेतो. मी सगळी चाकं उपसली आणि तशा सहा जोड्या केल्या. आधी बॉलपेनच्या स्प्रिंगा लावल्या. निवृत्त बँकवाल्याकडे पेनं काय कमी? पण त्या वजनानं पार बसल्या. शेवटी बोहरी आळीतून जाड तारेच्या स्प्रिंगा आणल्या. आता जिना सोडून तो कुठेही जातो.

दुसरी फजिती तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली. १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर मुलांच्या आग्रहावरून तो बाहेर काढला. वळताना मध्येच थांबला, मग एकदम सुटला आणि ई विंगच्या स्कूटरखाली जाऊन अडकला. रिमोटचं काही ऐकेना. त्याचं कारण शोधायला तीन आठवडे गेले. रणगाडा वळतो म्हणजे दोन्ही पट्टे जमिनीवर आडवे घासले जातात. त्या वेळी मोटारी एकदम जास्त करंट खेचतात. बॅटरीचा दाब खाली जातो, रिसीव्हरला पुरत नाही, तो क्षणभर बेशुद्ध पडतो. आणि शुद्ध जाताना शेवटचा हुकूम 'पुढे चल' असा असेल तर मोटारी तोच पाळत राहतात. मग रिसीव्हरला पाच व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा दिला. आणि रिसीव्हरमध्येच अशी सोय असते की संदेश तुटला तर मोटारी बंद. ती मी चालूच केली नव्हती. कोणीही घरी असलं काही करत असेल तर ही सोय आधी तपासा. सही जुळत नसेल तर पैसे द्यायचे नाहीत, तसंच हे.

इथपर्यंत अडीच वर्षं गेली. रणगाडा चालू लागला. रंगही दिला, छान हिरवा. आणि मला तो मुळीच आवडेना. दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवायच्या खेळण्यासारखा दिसत होता.

अशा नमुन्यांना ऊन, पाऊस, धूळ, तेल, वापर या सगळ्याची कळा आणावी लागते. त्याला वेदरिंग म्हणतात. नवीन वस्तू जुनी करायची. पुणेकराला हे पटवणं अवघड आहे. आपण जुनी वस्तू नवी म्हणून वापरणारी माणसं.

पहिला धडा मला आपल्या बी विंगनं दिला. पावसाळ्यानंतर खिडक्यांच्या सज्जाखाली जे काळे ओघळ दिसतात ते मी खुर्ची टाकून पाहत बसायचो. वॉचमनला वाटलं काका कोणावर तरी लक्ष ठेवून आहेत. ओघळ कसा असतो? वर गडद, खाली फिकट होत जातो. नेहमी एखाद्या कोपऱ्यापासून किंवा बोल्टपासून सुरू होतो. आणि सरळ खाली येतो, कारण पाणी सरळ खाली येतं. हे पाहिल्यावर मग ब्रश हातात घेतला.

तपकिरी ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून फटींत सोडायचा, म्हणजे फटी उठून दिसतात. पहिल्यांदा केलं तेव्हा टर्पेंटाइननं खालचा हिरवा रंगच उठवला. घाई झाली होती. मध्ये पारदर्शक लॅकरचा हात देऊन दोन दिवस वाळू द्यायचं असतं. मग जवळजवळ कोरड्या ब्रशवर फिकट रंग घेऊन कडांवरून फिरवायचा. माणसांचे बूट जिथे पडतात, झाकणांच्या कडा, चढायच्या जागा, तिथे साध्या शिसपेन्सिलीनं घासायचं, लोखंड उघडं पडल्यासारखं दिसतं.

मग गंज. गंज मला फार आवडला. गेरू आणि काळा रंग मिसळून मी पट्टे पूर्ण तांबडे करून टाकले आणि अभिमानानं डी विंगमधल्या आपल्या रिसालदार साहेबांना दाखवायला नेला. साहेब चिलखती दलात होते, कित्येक वर्षं विजयंता चालवला, नगरलाच शिकले. त्यांनी चष्मा लावला, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "मॅनेजर साहेब, ही गाडी किती वर्षं उभी आहे?"

मी म्हटलं, "उभी नाही हो, लढाईतली आहे."

"मग गंज कसा? चालू गाडीचा पट्टा गंजत नाही. जमिनीला लागतो तिथे चांदीसारखा चमकतो. बाकी सगळी धूळ आणि चिखल. गंज बघायचा तर सायलेन्सरवर बघा, तापून तापून तिथला रंग जळतो."

सेंच्युरियनचे सायलेन्सर मागच्या बाजूला पट्ट्यावरच्या पत्र्यावर असतात. गंज पट्ट्यावरून काढून तिथे नेला. त्या दिवसापासून साहेब माझे ऑडिटर झाले.

पुढे मातीचा प्रश्न आला. मी आपल्या बागेतली काळी माती चाळून, पातळ फेव्हिकॉलमध्ये कालवून लावली. साहेब म्हणाले, "ही तर आपल्या नगरची माती. तिकडची अशी नसते. पंजाबची नदीकाठची माती फिकट, राखाडी-पिवळी, सुकली की पिठासारखी." आता ती कुठून आणायची? उत्तर घरातच होतं. गणपतीसाठी आणलेली शाडू उरली होती, आणि सौ.च्या कपाटात मुलतानी माती. दोन्ही चहाच्या गाळणीनं चाळल्या, मिसळल्या. मुलतान हे शेवटी पंजाबातलंच गाव. चाकांवर ओली करून जाड, वरच्या पत्र्यांवर कोरडीच ब्रशनं. साहेबांनी बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि म्हणाले, "हां. आता आलं."

दुसऱ्या दिवशी आमच्या मावशींनी तो ओल्या फडक्यानं लख्ख पुसला. त्यांची काही चूक नाही. "काका, किती धूळ बसली होती!" म्हणाल्या. आता टेबलावर पाटी आहे, 'धूळ पुसू नये.' ती वाचून येणारे पाहुणे सौ.कडे बघतात. त्यांना ते अजून मान्य नाही.

आता मला जे मुद्दाम सांगायचं आहे ते सांगतो. सचिव साहेब, पाच मिनिटं.

सगळं झाल्यावर मला वाटलं की हा खेत्रपालांचाच रणगाडा करावा. त्यांच्या रणगाड्याचं नाव होतं 'फामागुस्ता'. त्या दिवशी समोरून पॅटन रणगाडे चालून आले. शेजारच्या स्क्वाड्रननं मदत मागितली, आणि खेत्रपाल निघाले. त्यांच्या रणगाड्याला गोळा लागला, आग लागली. बाहेर पडायचा हुकूम वायरलेसवर आला. तोफ अजून चालते आहे, म्हणून त्यांनी रणगाडा सोडला नाही. त्यानंतर दुसरा गोळा लागला. ही हकीकत मी इतक्या वेळा वाचली होती की रणगाड्यावर ती दिसलीच पाहिजे असं मला वाटू लागलं. एका रात्री खिळा गॅसवर लाल केला आणि टरेटच्या बाजूला भोक पाडलं. कडेनं काजळी लावली, रंग जळल्यासारखा केला. खरं सांगतो, दिसायला फार छान झालं होतं. आतापर्यंतचं माझं सगळ्यात चांगलं काम.

सकाळी साहेबांना बोलावलं. ते बघत राहिले. चहा थंड झाला. मग विचारलं, "हे इथंच लागलं होतं?"

मी म्हटलं, "नक्की जागा माहीत नाही. अंदाजानं केलं."

साहेब म्हणाले, "आत चार माणसं असतात, मॅनेजर साहेब." एवढंच. पुढे काही बोलले नाहीत. चहा घेतला आणि गेले.

मी दिवसभर त्या भोकाकडे बघत होतो. गंज चुकला तेव्हा ते हसले होते, माती चुकली तेव्हा समजावलं होतं. या वेळी समजावलंही नाही. संध्याकाळी लक्षात आलं की अडतीस वर्षं मी ज्यासाठी ज्युनिअर लोकांना ओरडत आलो, तेच मी स्वतः केलं होतं. व्हाउचर नसताना एंट्री टाकली होती. धूळ प्रत्येक रणगाड्यावर बसते, चिखल प्रत्येकाला लागतो, त्याला पुरावा नको. जखम कोणाची, कुठे, हे माहीत नसताना ती छान दिसते म्हणून काढायची? त्या पत्र्याच्या आत कोणीतरी बसलं होतं. कोणाचं तरी एकवीस वर्षांचं पोर होतं.

वर्तमानपत्रांतून आलेली एक गोष्ट तुम्ही वाचली असेल. २००१ मध्ये खेत्रपालांचे वडील, निवृत्त ब्रिगेडिअर, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी पाकिस्तानातलं आपलं जुनं गाव बघायला गेले. तिथे त्यांच्या मुक्कामाची व्यवस्था करणारे यजमानही निवृत्त ब्रिगेडिअर, १३ लान्सर्सचे. निघायच्या आधी त्या यजमानांनीच सांगितलं, की तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. दोन म्हातारे समोरासमोर. ती गोष्ट मी पुन्हा काढून वाचली, आणि एमसील मळायला घेतलं.

भोक बुजवलं, घासलं, पुन्हा हिरवा, पुन्हा शाडू. 'फामागुस्ता' हे नाव लिहिणार होतो, तेही लिहिलं नाही. खरा फामागुस्ता जतन करून ठेवलेला आहे, त्याची नक्कल माझ्याकडे असायची गरज नाही. हा पूना हॉर्सचा एक सेंच्युरियन आहे, नदी ओलांडायच्या आदल्या संध्याकाळचा. धुळीनं भरलेला, धड. आत चारही जण आहेत असं मी समजतो. टरेटच्या डाव्या बाजूला बोट फिरवलंत तर एक ठिगळ हाताला लागेल. डोळ्यांना दिसत नाही. साहेबांना ते लगेच लागलं. त्यांनी तिथे बोट ठेवलं, मान हलवली आणि म्हणाले, "आता चालवायला द्या."

त्यांनी चालवला. पार्किंगच्या त्या टोकापर्यंत आणि परत, एकदाही न थांबता. माझ्यापेक्षा सफाईनं. वळण्याआधी किंचित वेग कमी करायचे, मग वळवायचे. मी चार वर्षांत ते शिकलो नव्हतो. आता तसंच करतो, पट्टा उतरत नाही.

आपल्या सोसायटीलाही पंचवीस पावसाळे झाले. रौप्यमहोत्सवासाठी नवा रंग लागतो आहे. लागायलाच हवा, मी सर्वसाधारण सभेत त्याच्या बाजूनं हात वर केला आहे. फक्त रंगारी बी विंगकडे वळतील त्याआधी मला दोन दिवस कळवा. त्या ओघळांचे फोटो काढून ठेवायचे आहेत. पुढच्या नमुन्याला लागतील.

पुढचा नमुना विजयंता. साहेबांसाठी. त्यांचे गुडघे दुखतात, पण मापं घ्यायला नगरला यायचं त्यांनी कबूल केलं आहे. एफ विंगच्या विद्यार्थ्यानं पट्टे छापायचं कबूल केलं आहे, या वेळी पहिल्यापासून चिवट प्लास्टिकमध्ये. सौ.नी अजून काही कबूल केलेलं नाही.

कार्यक्रमानंतर बालगोपाळांनी रांगेत यावं. प्रत्येकाला एक फेरी. लहान गटापासून सुरुवात. रिसालदार साहेब शेजारी उभे राहतील आणि ते सांगतील तसंच चालवायचं. आणि धूळ हाताला लागली तर कपड्याला पुसू नका, आया मला रागावतील.

माझी वेळ संपली.